गुरुजींच्या नळीचा पंचनामा

"आपण कायदा पाळला, तर कायदा आपल्याले कायले अडवन?" असं सेवकराम गुरुजींनी १९७८ सालच्या फाल्गुनात बायकोला ठणकावून सांगितलं, आणि सगळा घोळ तिथून सुरू झाला.

गुरुजी आंबागडला प्राथमिक शाळेत शिकवत. शाळा सुटली की ते रसायनशास्त्रज्ञ होत. गोठ्यात मध्ये बांबूची तट्टी घालून त्यांनी दोन भाग केले होते. एकात म्हैस, दुसऱ्यात प्रयोगशाळा! बारा वर्षांत जमवलेल्या चाळीस बाटल्या, एक तराजू, काही परीक्षानळ्या आणि नागपूरहून एस.टी.त बाळंतिणीसारखी जपून आणलेली दोन हात लांब काचेची नळी. पितळी गंजावर, म्हणजे उभ्या पातेल्यावर, झाकण ठोकून त्यात ही नळी बसवली होती आणि गुरुजी तिच्यातून शुद्ध पाणी काढत. त्या पाण्याचं काय करायचं हे ठरलं नव्हतं, पण ते शुद्ध होतं.

अडचण होती चुलीची. चुलीच्या धगीनं परीक्षानळ्या पटापट तडकायच्या. सहातल्या दोन उरल्या होत्या. गुरुजींनी शाईच्या दौतीला वात लावून स्पिरिटचा दिवा तयार केला. दिवा झकास झाला. फक्त स्पिरिट नव्हतं!

ते तुमसरला ताराचंदशेठच्या दुकानात गेले.

"स्पिरिट? परवाना दाखवा."

"मंग पावशेर नवसागर तरी द्या."

"कल्हई करता काय?"

"नाही. प्रयोग करतो."

"मंग तोही नाही भेटत, गुरुजी! लोक त्याची दारू काढतेत अन् बेड्या आमाले पडतेत."

गुरुजी हात हलवत परत आले. बायको, शकुनबाई, अंगणात मोहफुलं वाळवत होती. गावात त्या दिवसांत कुणाच्याच अंगणात दुसरं काही नसतं.

"जागेश्वर भाऊजींकडून आणा ना जी पावशेर," ती म्हणाली. "थे तर काडी लावली का भुर्रकन पेटते!"

जागेश्वर गल्लीच्या टोकाला राहायचा. त्याच्या घरच्या मोहाच्या दारूची धार पार सिहोऱ्यापर्यंत नावाजलेली.

"थे बेकायदा हाये!" गुरुजी कडाडले, आणि लगेच अर्ज लिहायला बसले.

अर्ज चार पानी झाला. अक्षर मोत्यासारखं, आणि खोटं एक अक्षर नाही. हवं ते: स्पिरिट अर्धा लिटर, नवसागर पावशेर. साहित्य: झाकणाचा पितळी गंज, त्याला जोडलेली नळी, वाफेचा थेंब धरायला बाटली. जागा: गोठ्याचा अर्धा भाग, जेणेकरून धुराचा व वासाचा कोणास उपद्रव होऊ नये. घराची खूण: मागे मोहाची तीन मोठी झाडे. अर्ज भंडाऱ्याला अबकारी कचेरीत रवाना झाला.

पंधराव्या दिवशी परवान्याऐवजी जीप आली!

जीप दिसताच सगळ्या गावानं दारं लावून घेतली. इन्स्पेक्टर अर्ज हातात घेऊनच उतरले.

"वीस वर्षं नोकरी झाली माझी," ते म्हणाले. "भट्टीवाला स्वतः घराच्या खुणेसकट अर्ज करतो, हे आज पहिल्यांदा पाहतोय!"

"साहेब, हे शास्त्र आहे! ऊर्ध्वपातन!"

"सगळे तेच करतात हो, नाव फक्त तुम्हाला माहीत आहे. शिपाई, सगळं उचला. पंच बोलवा."

 उचललेला माल परत येत नाही, हे गुरुजींना पक्कं ठाऊक होतं. बारा वर्षांची प्रयोगशाळा त्या जीपमध्ये एकदा गेली की गेलीच.

पंच मात्र मिळेनात, कारण गावच बंद होतं. गुरुजींच्या ओसरीवर तेवढी दोन माणसं अडकली होती. एक बीडी ओढणारा बाबूलाल. दुसरा, मुलीच्या सासरचं पत्र वाचून घ्यायला आलेला जागेश्वर!

"तुम्ही दोघं पंच," इन्स्पेक्टर म्हणाले. "बघा आणि सांगा, ही दारूची भट्टी आहे की नाही?"

बैलबाजारात बैल पाहावा तसा जागेश्वर गंजाभोवती फिरला. झाकण हलवलं, नळीत फुंकर मारली. मग खो खो हसत सुटला.

"साहेब, येच्यातून दारू? सात जनम नाही निघत! अर्धी वाफ झाकणातूनच पळते. अन् नळी थंडी कराची सोय कुठी हाये?"

हे ऐकून गुरुजींनी खरं तर देवाचे आभार मानायला हवे होते. पण त्यांच्यातला शास्त्रज्ञ दुखावला!

"काहून नाही निघत? रोज अर्धी बाटली काढतो मी!"

"म्हणजे चालते?" इन्स्पेक्टरांनी पेन उघडलं.

जागेश्वरनं गुरुजींच्या पायावर पाय दिला. "पाणी गा, गुरुजी! पाणी काढता तुमी! साहेब, बिचाऱ्याले काही समजत नाही. दारू काढाची म्हणजे खेळ नोहे. मडक्यावर मडकं पाहिजे, लिपाई अशी पाहिजे का मुंगी नाही शिरली पाहिजे. वरचं पाणी कोमट झालं का बदला, पुन्हा कोमट झालं का बदला. माझ्या बापानं तर..."

तो थांबला, पण जरा उशिरा.

"बोला ना," इन्स्पेक्टर गोड आवाजात म्हणाले. "वडिलांनी काय?"

तासाभरात जागेश्वरची सातही मडकी त्याच्याच अंगणात फुटली. पण गुरुजींच्या नळीबद्दल पंचांचं लिहून झालेलं मत साहेबांनी खोडलं नाही. पंचनामा मोठ्यानं वाचून दाखवला: "सदर उपकरणातून दारू निघणे कदापि शक्य नाही, असे जाणकार पंचांचे ठाम मत पडले." खाली साहेबांची सही, शिक्का. प्रयोगशाळा वाचली!

ज्येष्ठात परवानाही आला. अर्धा लिटर स्पिरिट आलं, दौतीचा दिवा निळसर पेटला. गुरुजींना मात्र त्याचं सुख लागेना. जागेश्वरनं तोंड उघडलं ते आपल्यासाठी, आणि त्याचा खटला तुमसरला उभा राहिला, याची त्यांना मनापासून लाज वाटत होती.

एके दुपारी जागेश्वर स्वतःच गोठ्यात आला आणि दिव्याकडे पाहत उकिडवा बसला.

"माफ कर गा जागेश्वर," गुरुजी म्हणाले. "माह्या अर्जापायी तुह्या पोटावर पाय आला."

"होते जी कधी कधी. पण आता माह्या घरी मडकं दिसलं का शिपाई येते." त्यानं नळीवरून हलकेच हात फिरवला. "हे मात्र कोणी धरू शकत नाही. येच्यातून दारू निघतच नाही, असं सरकारनं शिक्का मारून लिहून देल्लं हाये! सगळ्या जिल्ह्यात असा कागद दुसऱ्या कोणापाशी नाही."

"जागेश्वर! हे बेकायदा हाये!"

"हो ना जी. झाकण तेवढं लिपा लागन, अन् नळीवर ओलं फडकं."

 गुरुजी उठले, गोठ्याचं दार आतून लावलं आणि खाली बसून हळूच विचारलं,

"फडकं किती वेळानं बदलाचं गा? शास्त्र म्हणून इचारून राहिलो फक्त."