दौलतराव कायम झाले

“समद्यास्नी इचार, पर त्या दौलतरावाला ‘कुठं निघालात’ म्हून कदी इचारू नगं,” असे गोजाबाईंनी सुनेला बजावले होते. कुसुम बाळाला घेऊन चिंचवडच्या आळीत राहायला आली, त्याच आठवड्यातली ही गोष्ट. कुसुम पुण्याच्या कॉलेजात शिकलेली. शेजाऱ्यापाजाऱ्यांची विचारपूस करणे हे सुसंस्कृत माणसाचे लक्षण आहे, असे तिचे मत होते. सासूबाईंचे बोलणे तिने कानाआड केले आणि दुसऱ्याच सकाळी, कडेवरच्या बाळाचे नाक पुसता पुसता, खणखणीत आवाजात विचारले, “काय काका, कामावर निघालात वाटतं?”

पंचेचाळिशी उलटलेले दौलतराव नुसते पाय मोकळे करायला निघाले होते. लढाईच्या दिवसांत ते लष्करी डेपोत भांडारावर होते. लढाई संपली, डेपोला माणसे जड झाली आणि तेव्हापासून दौलतराव घरीच होते. आळीला हे ठाऊक होते, म्हणूनच कोणी विचारत नसे. पण आता विचारले गेले होते, तेही चारचौघांत. त्यांनी क्षणभर बाळाकडे पाहिले.

“व्हय,” ते म्हणाले. “पिंपरीच्या नव्या कारखान्यात.”

शेजारच्या ओसरीवरच्या कोंडाजींनी ते ऐकले आणि पान लावत मान डोलावली. संध्याकाळपर्यंत आळीने ही नेमणूक एकमताने मंजूर केली.

नोकरी म्हटली की शिस्त आली. दुसऱ्या दिवसापासून शालनबाई काही न विचारता नवऱ्याला डबा करून देऊ लागल्या. कारखान्याच्या सकाळच्या भोंग्याच्या आधी दौलतरावांची सायकल आळीबाहेर पडू लागली. आळीतली घड्याळे त्यांच्या घंटीवर लागू लागली.

बाळाला देवी टोचायला नेताना कुसुमने ही नोकरी प्रत्यक्ष पाहिली. कारखान्याच्या फाटकासमोर चिंचेचे झाड होते. त्याच्या बुंध्याला टेकून दौलतराव बसले होते, मांडीवर डबा, झाकण घट्ट. दुपारचा भोंगा झाला, फाटकातून कामगार बाहेर आले, तेव्हाच त्यांनी झाकण उघडले. भोंग्याआधी त्यांनी भाकरीला हात लावला नाही.

घरी येऊन कुसुमने सासूबाईंना सांगितले.

“मला काय नवं सांगतीस?” गोजाबाई म्हणाल्या. “तू इचारलंस, त्यो निस्तरतोय. आता गप ऱ्हा.”

कुसुम गप्प राहिली, आणि नोकरी वाढत गेली. घरी पाहुणे यायचे असले की दौलतरावांना ओव्हरटाइम लागे. कारखान्यात संप झाला, तेव्हा मात्र तो त्यांनी निष्ठेने घरी बसून काढला. तेवढे दिवस ते दुपारी अंथरुणावर पाठ टेकू शकले. त्यांच्या कणखरपणाचे आळीत कौतुक झाले.

मग बीडकडून आळीत राहायला आलेले उद्धवराव हात जोडून उभे राहिले. “दौलतराव, आमच्या मेव्हण्याचं बगा की जरा. तुमचा शब्द चालतो म्हणं कंपनीत.”

“बगतो,” दौलतराव म्हणाले. दुसरे काय म्हणणार?

मेव्हण्याला महिन्याभरात नोकरी लागली. ती कशी लागली हे त्यालाही कळले नाही, पण पेढे दौलतरावांकडे आले. चिंचेखाली बसून माणसे चिकटवणारा असा अधिकारी साऱ्या पिंपरीत दुसरा नव्हता.

आणि नेमकी त्याच कारखान्यात भांडारावर एक जागा निघाली. डेपोतल्या जुन्या माणसांना प्राधान्य, वयाची अट शिथिल. दौलतरावांनी कुणाला न सांगता अर्ज केला. सांगणार तरी कसे? अट एकच होती: अर्जदार खरोखर बेकार असला पाहिजे. सरकारदरबारी माणूस नुसता बेकार असून भागत नाही. चार प्रतिष्ठित शेजाऱ्यांनी तसे सांगावे लागते.

चौकशीला सरकारी कारकून पूर्वसूचना न देता, भर दुपारी आला.

“दौलतराव आहेत का घरी?”

“कामावर गेल्यात,” शालनबाई सवयीने बोलून गेल्या. कारकुनाने पहिली नोंद केली आणि ओसरीकडे वळून दौलतराव बेकार आहेत ना, असे विचारले.

“बेकार?” कोंडाजी ताडकन उठले. “आमचे दौलतराव? काय थट्टा करता राव! संपात सगळ्यांच्या आधी घरी बसलेला माणूस हाय त्यो.”

“माझा मेव्हणा चिकटवला त्यांनी,” उद्धवरावांनी छातीवर हात ठेवला. “बेकार माणसाला जमतंय का हे?”

काय बिघडते आहे हे फक्त कुसुमच्या ध्यानात आले. ती पुढे झाली. गोजाबाईंनी तिच्या दंडाला चिमटा काढला, तरी ती बोललीच. “साहेब, हे खोटं आहे. ते कामावर जात नाहीत. फाटकासमोरच्या चिंचेखाली बसतात.”

दाराआड शालनबाईंच्या बांगड्या वाजल्या.

“रोज?” कारकुनाने विचारले.

“रोज.”

“वेळेवर?”

“भोंग्याला.”

“जेवणाची सुट्टी?”

“तीही भोंग्यालाच. रविवारी मात्र घरी असतात.”

कारकुनाने चष्मा काढून पुसला. “बाई, ठरलेली जागा, ठरलेली वेळ, आठवड्याची सुट्टी. याला नोकरीच म्हणतात. मी तरी कचेरीत याहून वेगळं काय करतो?” आणि त्याने कुसुमची साक्ष इतरांच्या साक्षीखाली, पुष्टी म्हणून, नोंदवली. अर्जावर ‘अपात्र’ असा शेरा पडला.

संध्याकाळी दौलतरावांनी सायकल भिंतीला टेकवली. कुसुमने त्यांना सगळे सांगितले, रडवेली होऊन. ते ऐकत राहिले. मग रिकामा डबा शालनबाईंच्या हातात देत हसले.

“म्हंजी समद्यांनी चांगलंच सांगितलं की! अगं, उद्यापासनं एक भाकरी जास्त घाल. कायम झालो.”

शालनबाई आत गेल्या. बराच वेळ भांडी घासल्याचा आवाज येत राहिला.

तुमच्या आळीत असला कारकून आला तर तुम्ही काय सांगाल, ते सांगायची गरज नाही. तुम्ही सभ्य आहात. कुसुमचे मागणे एवढेच की कधी पिंपरीला गेलात तर दुपारच्या भोंग्यानंतर त्या चिंचेखाली डोकावून या. झाकण उघडलेले असेल तर खुशाल पुढे जा. पण भोंगा होऊन गेला, माणसे जेवून परत फाटकात शिरली आणि डबा तसाच बंद दिसला, तर तो सभ्यपणा जरा बाजूला ठेवा आणि दौलतरावांना हाक मारा.