सरासरी मुलाची मात्रा

शास्त्र सर्वांना समान लेखते. जो समान नसेल, त्याने तसे आगाऊ कळवावे, एवढीच त्याची अपेक्षा असते.

आमच्या बालरुग्णालयात कर्करोगाच्या औषधाची मात्रा सरासरी मुलासाठी ठरवलेली आहे. हे मूल अत्यंत गुणी आहे. औषध ते वेळेवर पचवते, त्याच्या पांढऱ्या पेशी मर्यादेखाली घसरत नाहीत आणि त्याची आई प्रश्न विचारत नाही. (ते अद्याप आमच्याकडे दाखल झालेले नाही. ऑकलंडकडे असावे, असे मानले जाते.)

आमच्या फार्मासिस्ट नायरी विलक्स यांनी उभी हयात या मुलाच्या विरोधात घालवली. एकाच वजनाच्या दोन मुलांना एकच गोळी दिली, तर एक अंगणात खेळते आणि दुसरे तापाने फणफणत विलगीकरणाच्या काचेआड जाते, हे त्यांनी तरुणपणी पाहिले, आणि त्या कारण जनुकांत शोधू लागल्या. संशोधनाचा पहिला प्रस्ताव रुग्णालयाच्या समितीने फेटाळला, कारण देशात कर्करोग झालेली मुले पुरेशी नव्हती. (समितीने याबद्दल खेद व्यक्त केला.) त्यांनी सामोआ, टोंगा, फिजी या बेटांवरची मुले जोडली, तेव्हा दुसरा प्रस्ताव मुले एकमेकांसारखी नाहीत म्हणून फेटाळला गेला. मुले एकमेकांसारखी नसतात, हाच प्रस्तावाचा विषय होता. परंतु समिती विषय पाहून निर्णय देत नाही. तिला निःपक्षपाती राहावे लागते.

तरीही संशोधन झाले (जगात अशी बेशिस्त चालतेच). पुढे रक्ताचा कर्करोग झालेल्या कालोलाइने या सहा वर्षांच्या टोंगन मुलीची जनुके नायरींनी तपासली. उत्तर आले: रोजच्या गोळीचा दहावा हिस्सा. अख्खी दिली, तर तिच्या हाडांतली मज्जा रक्त बनवणे थांबवील आणि साधी सर्दीही तिला घेऊन जाईल.

मेलेआने नावाची तिची आई हाताची घडी घालून ऐकत होती.

"दहावा हिस्सा? आंटी, आम्ही बेटांवरचे म्हणून का? गोऱ्यांच्या पोरांना अख्खी, आणि आमच्या पोरीला चुरा?"

"तुझ्याकडे असे पाहुणे येतात ना, जेवून झालं तरी उठत नाहीत?" नायरींनी विचारले.

"दिराचं बिऱ्हाड. रविवारी चर्चमधून येतात, ते मंगळवारी जातात."

"तिच्या अंगात हे औषध तसंच ठाण मांडून बसतं. आधीचे उठेपर्यंत नवे बोलवायचे नाहीत."

मेलेआनेने हाताची घडी सोडली. "मग दिरालाही दहावाच हिस्सा वाढते," ती म्हणाली.

समितीच्या आधी हे एका आईला समजले, ही बाब शिस्तीच्या दृष्टीने गंभीर होती. बैठकीत अध्यक्ष डॉ. प्रिंगल यांनी स्कोनच्या पावावर लोणी पसरत नायरींना विचारले, "एवढुशी द्यायची, तर द्यायची कशाला?"

"नाही दिली तर कर्करोग परत येतो."

"आणि पूर्ण दिली तर?"

"तर मुलगी जाते."

"म्हणजे तुमचं दोन्हीकडून अडलंय," अध्यक्ष सहानुभूतीने म्हणाले.

मंजुरी मिळाली, त्या एका मुलीपुरती. बिघडल्यास जबाबदारी नायरींची, सुधारल्यास श्रेय प्रचलित पद्धतीचे.

कालोलाइने दोन वर्षे चुरा खात राहिली. पेशी टिकल्या. केस परत आले, पूर्वीपेक्षा कुरळे. उपचार संपले त्या दिवशी ती रुग्णालयाच्या पार्किंगमध्ये चुलत भावंडांच्या मागे धावत होती, आणि नायरी काचेला कपाळ टेकवून, उन्हं समुद्रावर विझेपर्यंत, पाहत उभ्या होत्या. (हा वेळ कामकाजात धरलेला नाही.)

मग त्यांनी अखेरचा प्रस्ताव मांडला: पहिल्या गोळीआधी प्रत्येक मुलाची तपासणी व्हावी.

"त्या मुलीच्या बाबतीत नेमकं काय घडलं?" अध्यक्षांनी विचारले.

"काहीच घडलं नाही."

"मग तपासणीची गरज सिद्ध कशी होते?"

प्रस्ताव एकमताने फेटाळण्यात आला. त्याच दुपारी एक नवे मूल दाखल झाले. त्याची मात्रा सरासरीप्रमाणे ठरली.

वाचकहो, आपण मात्र समितीवर रागावू नये. मधल्या परिच्छेदांत आपणही त्या मुलीला ताप येण्याची वाट पाहत होता. तिने निदान एक रात्र मृत्यूच्या दारात काढली असती, तर कथेत काहीतरी घडले, असे आपल्याला वाटले असते. संकोच नसावा. समितीत एक जागा रिकामी आहे.