नायलॉनचा बुश

१९७४ साल होतं. दोघा भावांचं लेथचं वर्कशॉप घराच्याच मागच्या खोलीत होतं, आणि आजवर लोखंड-पितळ कातलेल्या त्यांच्या हाती पहिल्यांदाच नायलॉन आलं होतं. समोरच्या बेकरीवाल्याला पीठ मळायच्या यंत्रासाठी तेल न लागणारा बुश, म्हणजे फिरत्या दांड्याभोवती घट्ट बसवायचं कडं, हवा होता. तो नीट बसला, तर त्याच्या सगळ्या यंत्रांचं काम यांच्याकडे. नाहीतर धाकटा बायकोमुलांसकट परगावी कारखान्यात नोकरी धरणार होता. हे ऐकल्यापासून आईच्या भाजीत मीठ कधी दोनदा पडे, कधी पडतच नसे.

नायलॉन भारी चिवट. कीस तुटेचना, लांबच लांब दोरा निघून लेथच्या फिरत्या चकला, माल पकडणाऱ्या जबड्याला, गुंडाळला जाई आणि थोरला लोकर सोडवावी तसा तो सोडवत बसे. अखेर बुश झाला. थोरल्याने लेथवरच मायक्रोमीटर लावला, माप बरोबर. धाकट्याने चहा पिऊन येऊन मोजला, तर बुश लहान.

"दादा, चष्मा बदल."

"तू दाबून मोजतोस. मायक्रोमीटर आहे तो, पक्कड नव्हे."

दुसरा केला. लेथवर बरोबर, चहानंतर लहान. थोरल्याला वाटलं, नोकरीला जायला निमित्त हवं म्हणून हाच गुपचूप घासतोय. तिसरा बुश त्याने लेथवर मोजून लगेच कपाटात कुलूपबंद केला आणि किल्ली खिशात घालून जेवायला बसला. जेवून उघडलं, तर बुश आतल्या आत लहान झालेला. धाकटा तर सगळा वेळ समोर बसून जेवत होता. दोघंही कुलपाकडे बघत राहिले.

परगावी जायला धाकट्याने ट्रंक खाली काढली. थोरल्याने बुश स्वयंपाकघराच्या ओट्यावर टाकला आणि जाऊन पडला. बुशावर तेलकट बोटांचे डाग होते. पिठात जाणारी वस्तू, म्हणून आईने तो पातेल्यात उकळायला टाकला आणि दुपारभर विसरली. तिचं सगळं लक्ष ट्रंकेकडे होतं.

संध्याकाळी बेकरीवाला आला. थोरला माफी मागणार, तेवढ्यात आईने बुश पदराने पुसून पाहुण्याच्या हातावर ठेवला. भावांनी माना खाली घातल्या. थोड्या वेळाने बेकरीवाला परत आला. बुश हातोडीच्या एका टिचकीत बसला होता.

"अगदी असेच आणखी करून द्या," तो म्हणाला.

"असेच म्हणजे कसे?" थोरल्याने विचारलं.

पुढे एका प्लास्टिक विकणाऱ्याने उलगडून सांगितलं, की नायलॉन कातताना तापून फुगतं, निवलं की आकसतं आणि उकळत्या पाण्यात राहिलं की पाणी पिऊन पुन्हा फुगतं.

बेकरीवाला म्हातारपणी ते यंत्र बुशासकट विकून मुलाकडे गेला. थोरला मरेपर्यंत लेथवर राहिला, पण माल निवल्यावरच मोजू लागला. धाकटा कुठेच गेला नाही. आता त्याची मुलगी वर्कशॉप बघते. आईला मात्र प्लास्टिकवाल्याचं म्हणणं कधीच पटलं नाही.

"दोघांचंही बरोबर होतं, हे मला नका सांगू," ती म्हणायची. "मी दोघांना जन्मापासून ओळखते."