थुंकीचा पुरावा

अरेनीजवळच्या आमच्या गावात वाइन आठ हजार वर्षांपासून पितात असे गावकरी सांगतात. ती चाखण्याची अधिकृत पद्धत मात्र राजधानी येरेवानहून मागच्या शरदात आली. कलम चार : परीक्षकाने घोट तोंडात फिरवून पितळी भांड्यात थुंकावा. कलम पाच : थुंकलेला द्रव मोजावा, चाखल्याचा पुरावा तोच.

सिरानूशमावशीला प्रमाणपत्र हवेच होते. रस्त्याकडेला ट्रकवाल्यांना प्लास्टिकच्या बाटल्यांतून वाइन विकून तिचे गुडघे गेले होते. प्रमाणपत्राशिवाय सुगीच्या जत्रेत टेबल मिळत नव्हते.

संध्याकाळी तिच्या अंगणात परीक्षकांची समिती बसली. आधी तपासणीला एका कंपनीची वाइन आली. प्रमुख पार्गेवसाहेबांनी डोळे मिटले, घोट फिरवला, थुंकले. बाकीचेही थुंकले. भांडे काठोकाठ.

"उत्तम प्रतिसाद," साहेबांनी नोंद केली.

मग भांडे मोजून रिकामे झाले आणि मावशीने जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेल्या रांजणातून वाइन काढली. साहेबांनी घोट तोंडात घेतला, एवढ्यात मावशीचा भाऊ गेघाम उभा राहिला. आमच्याकडे शुभेच्छेवाचून कोणी ग्लास उचलत नाही, आणि गावच्या प्रत्येक मेजवानीत त्या शुभेच्छा गेघामच म्हणतो.

"पहिला घोट तिला, जिनं वेल लावली,
उन्हात उभं राहून, वेलीला दिली सावली!
आपापल्या आईसाठी, साहेब!"

साहेबांचे गाल फुगलेले. समोर पितळी भांडे. नजर भांड्याकडून गेघामकडे, गेघामकडून आभाळाकडे.

"थुंका की," मावशी काळजीने म्हणाली. "नाहीतर माझं टेबल जायचं!"

"आईच्या नावाचा घोट?" गेघाम गरजला. "थुंकू दे की! बघतोच मी!"

साहेबांनी गिळला. दुसरा घोट गेलेल्यांसाठी होता, ग्लासला ग्लास न लावता. तोही गिळला. तिसरा लेकरांसाठी. चौथा जर्दाळूच्या झाडांसाठी. पाचव्याला साहेब स्वतःच उठले आणि सद्गदित होऊन म्हणाले, "कलम चारसाठी!" सगळ्यांनी कलम चार उभ्याने गिळले.

"अहो, थुंका ना कुणीतरी थोडंसं," मावशीने एप्रनने भांडे पुसत विनवले.

"मावशी," साहेब तिच्या खांद्यावर डोके ठेवून म्हणाले, "आता जमायचं नाही गं."

आठवड्याने अहवाल आला : 'भांडे कोरडे. सबब सदर वाइन चाखली गेल्याचा पुरावा नाही. प्रमाणपत्र नामंजूर. फेरतपासणी दर शनिवारी.' कंपनीला सुवर्णपदक मिळाले.

समिती दर शनिवारी येते. हल्ली बायकापोरे आणि रिकाम्या बाटल्याही घेऊन येते. जत्रेपूर्वीच रांजणाचा तळ दिसला. मावशीला टेबल मिळाले नाही, पण त्यावर ठेवायलाही काही उरले नव्हते. आता तिचे गुडघे बरे आहेत. विकायला रस्त्यावर जावे लागत नाही. सरकार घरी येते.

पदकवाली बाटली तुमच्याकडेही मिळते म्हणे. पाहुणे आले की तुम्ही ती कौतुकाने उघडता, पदक त्यांच्याकडे वळवून ठेवता आणि 'वा!' म्हणता. म्हणा बापडे. एवढेच ध्यानात असू द्या, जाणकारांपैकी ती आजवर कोणीही गिळलेली नाही.