दोन पांढरे, दोन लाल

धम्मदीपला विमान उडवता येत होतं, उतरवता येत नव्हतं.

विमान अर्थात कॉम्प्युटरमधलं. शेतांची मोजणी करणाऱ्या हिंगोलीतल्या सरकारी माणसाला दुसरं कुठलं मिळणार? पण ऑफिसातून आला की तो हातपाय धुऊन पडद्यासमोर बसे, कॉम्प्युटरला जोडलेला विमानाचा दांडा हातात धरी, आणि बायकोने, करुणाने, चहा आणून ठेवला तरी साहेब ढगातच. दिवसभर बांधावरून भांडणारे भाऊ बघितलेल्या माणसाला वरून बांधच दिसत नाहीत, याचं फार सुख होतं.

अडचण एकच. धावपट्टीच्या कडेला चार दिवे असतात. दोन पांढरे आणि दोन लाल दिसले, तर विमान बरोबर उताराने येत आहे. चारही पांढरे दिसले तर फार उंच, आणि चारही लाल दिसले तर आता जमिनीत घुसणार. धम्मदीपला कायम चार पांढरे दिसत. त्यात त्याने कुठेतरी नियम वाचला होता, की पाचशे फुटांवर येईपर्यंत वेग, दिशा आणि उतार स्थिर झाला नसेल तर उतरायचं नाही, परत वर जायचं. खेळात कोण नियम पाळतो? धम्मदीप पाळायचा. त्यामुळे गेलं वर्षभर तो नुसता वर जात होता.

"लग्नाच्या वेळी बी असंच केलं होतं यांनी," करुणा सांगे. "बैठक जमत आली की परत वर."

त्या वर्षी दसऱ्याच्या तोंडावर त्याच्या आईचे, रुक्माबाईचे, गुडघे आखडले. दरवर्षी नागपूरला दीक्षाभूमीवर जाणारी बाई. डॉक्टरांनी एसटीचा प्रवास बंद केला. पांढऱ्या लुगड्याची घडी तिने परत पेटीत ठेवली, एवढंच. ते धम्मदीपला बघवलं नाही.

"माय, मी नेतो तुला नागपूरला. विमानानं," तो बोलून गेला.

त्याला म्हणायचं होतं, पडद्यावर. रुक्माबाईने पडद्याकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं आणि "बरं" म्हणाली. मग ओट्यावर जाऊन शेजारणींना सांगितलं, "दीपू मला विमानानं नागपूरला नेऊन राहिला."

आता गल्लीची रीत अशी, की कुणी दीक्षाभूमीला निघालं की ज्यांचं जाणं होत नाही ते त्याच्याजवळ मेणबत्त्या देतात, आमच्या नावानं लावा म्हणून. दसऱ्याच्या दुपारी शेजारच्या पद्माबाई दोन पांढऱ्या मेणबत्त्या घेऊन आल्या. पलीकडच्या शकुंतलाबाई बंजाऱ्यांच्या तांड्यावरून शहरात राहायला आलेल्या. शेजारधर्म म्हणून त्यांनीही दोन आणल्या. दुकानात लालच उरल्या होत्या. दोघी निरोप द्यायला आल्या, आणि विमान बैठकीतच उभं आहे असं कळल्यावर निरोपाचा विचार सोडून खुर्च्या ओढून बसल्या. रुक्माबाई पांढरं लुगडं नेसून, दशम्यांची पिशवी मांडीवर घेऊन अगदी पुढे बसली. करुणाने पडद्यावर ऊन येऊ नये म्हणून खिडक्या लावून घेतल्या.

धम्मदीपने दांडा हातात घेतला. इतके दिवस उतरणं जमलं नाही, त्याचं त्याला फारसं वाटलं नव्हतं. विमानात तो एकटाच असायचा. आज माय बसली होती. आणि सहाला लोडशेडिंग होतं.

विमान नांदेडहून उठलं. "सहाच्या आत नागपूर," तो म्हणाला.

"हट्ट्यावरून घे," रुक्माबाई म्हणाली. हट्टा तिचं माहेर.

"माय, ते उलट्या बाजूला हाय."

"विमानाला कुठं रस्ता लागतो?"

मोजणी खात्याने विमान वळवलं. पडद्यावर हट्टा नव्हतं, घर नव्हतं, नुसते हिरवे-तपकिरी तुकडे होते. रुक्माबाई त्यातल्या एका तुकड्याकडे बघत राहिली. "ती बघ आमची चिंच," ती हळूच म्हणाली. "पोरी झोका खेळून राहिल्या." तुकडा कुठला, ते धम्मदीपने विचारलं नाही. पांढरे ढग बाजूने जात होते, खोलीत इंजिनाची घरघर होती.

मग शकुंतलाबाई पुढे सरकल्या. "एवढं आलोच, तर जवळा बाजार काय दूर हाय? माझी निता दिली हाय तिथं."

जवळा बाजारावर शकुंतलाबाईंनी खाली हात हलवला. नंतर पद्माबाईंना हिंगोलीतली आपली गच्ची बघायची होती, वाळवण कुणी उचललं का म्हणून. धम्मदीप एसटीवाल्यासारखा मागेल तिथून नेत राहिला. मधे दशम्या आणि ठेचा फिरला. दांड्याला तेल लागून तो हातातून निसटायला लागला.

नागपूर दिसलं तेव्हा सहाला थोडाच वेळ उरला होता. समोर धावपट्टी. चार पांढरे.

"परत वर," धम्मदीप पुटपुटला आणि विमान वर उचललं.

"काहून?" पद्माबाई म्हणाल्या. "दिसून तर राहिलं नागपूर. टेकव की बाबा."

"उतार बराबर न्हाई."

"अहो, लाईट जाईल," करुणा म्हणाली.

"जाऊ दे." निसटणारा दांडा त्याने दोन्ही हातांनी धरला. "माय बसली हाय. तिला आदळून न्हाई उतरवायचं मला."

रुक्माबाईने पदराने दांडा पुसून दिला. त्याने मोठा फेरा घेतला, या वेळी लवकर उतरायला लागला, वेग धरून ठेवला. पाचशे फुटांवर त्याने दिव्यांकडे बघितलं. दोन पांढरे, दोन लाल. ते तसेच राहिले. शंभर फुटांवरही तसेच. इतकं हलकं त्याला कधी वाटलं नव्हतं. धावपट्टी रुंद होत जवळ आली, त्याने इंजिन कमी केलं, नाक अलगद उचललं, आणि वीज गेली.

खोलीत मिट्ट काळोख.

"टेकलं का?" शकुंतलाबाईंनी विचारलं.

धम्मदीपला खोटं बोलवत नव्हतं आणि खरं सांगवत नव्हतं.

"टेकलं म्हंजे काय," अंधारातून रुक्माबाईचा आवाज आला. "झटका बी बसला न्हाई. एसटीत माकडहाड खिळखिळं होतं."

पिशवी चाचपल्याचा आवाज झाला, मग काडी ओढल्याचा. भिंतीवर बुद्धांची तसबीर होती, तिच्याखाली फळी. रुक्माबाईने फळीवर एकेक मेणबत्ती लावली, जिची तिच्या नावाने. बायका हात जोडून उभ्या राहिल्या. धम्मदीप खुर्चीतूनच बघत होता. एका ओळीत दोन पांढऱ्या, दोन लाल.

वंदना झाली. तो उठून आईजवळ गेला. "लाईट आली की परत निघू, माय. आता येतं मला उतरवता."

रुक्माबाईने रिकामी पिशवी काखेत मारली आणि स्वयंपाकघराकडे वळली.

"परतीला विमान नको," ती म्हणाली. "घर इथून जवळच हाय. मी चालत जाते."