सोळा मोकळ्या पत्रावळी

डझनावारी संत्री विकणाऱ्या नागपुरात आमचे शेजारी वामनराव घोडमारे नेहमी सोळा संत्री मागत. सक्करदऱ्याच्या बाजारातला फळवाला वैतागे. "भाऊ, बारा घ्या, नाही तं चोवीस घ्या. हे सोळा काय हाये?"

"सोळाचे आठ होते, आठाचे चार, चाराचे दोन. तुहे बारा तिनावर येऊन अडते गा!"

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. वामनराव ज्या कॉलेजात नोकरीला होते, तिथले कॉम्प्युटर तारांनी जोडायचं निघालं आणि प्रत्येकाला आकड्यांचा पत्ता देण्याचं काम त्यांच्याकडे आलं. त्या दिवसापासून आमच्या ओट्यावर बसून ते मला सबनेट, म्हणजे पत्त्यांचे छोटे गट, समजावू लागले.

"पत्ते दोनशे छप्पन्न. सारे एकत्र ठेवले तं एकानं हाक मारली का साऱ्यायले ऐका लागते. नुसता गलका. म्हणून आधी गट पाडा! बत्तीस-बत्तीसचे आठ."

"म्हणजे एका गटात बत्तीस कॉम्प्युटर."

"तीस! पहिला पत्ता म्हणजे गटाचं नाव. शेवटचा, गटातल्या साऱ्यायले एकदम हाक माराले. ते दोन कोनाले देत नाही."

मी हिशेबी माणूस. आठ गटांत सोळा पत्ते वाया जातात हे मला बरेच दिवस खुपत राहिलं.

पत्नी गेल्यापासून घरात वामनराव आणि मुलगी सुमी, दोघंच. सुमीचा आवाज इतका बारीक की समोर बसूनही मला दोनदा विचारावं लागे. वामनरावांना मात्र तो अंगणातून ऐकू येई. तिचं लग्न वर्ध्याकडच्या चौदा माणसांच्या घरात ठरलं, तेव्हापासून त्यांना एकच घोर. "चौदा जनाच्या गलक्यात हिचं कोन ऐकन?" हे ते मला विचारत आणि उत्तर न ऐकताच उठून जात.

लग्नात पंगतीची मोजणी माझ्याकडे होती. मांडवात दोनशे छप्पन्न पत्रावळी, बत्तीस-बत्तीसच्या आठ रांगा. आमंत्रणं मात्र दोनशे चाळीसच. प्रत्येक रांगेची पहिली आणि शेवटची पत्रावळ मोकळी! आचारी माझ्याकडे बघे, मी दुसरीकडे.

वरपक्षाकडून अकरा माणसं जास्त आली. त्या सोळा सोडून सगळ्या जागा भरलेल्या. व्याही उभेच राहिले. "घोडमारे, जागा खाली पडून हाये न! बसवा आमच्या लोकायले."

"ते खाली नाही जी. ते रांगेचं नाव हाये."

"नाव? नाव वडाभात खाते काय?"

"आन् हे शेवटची?" व्याह्यांनीच पुढं विचारलं.

"तिथून हाक मारली का साऱ्या रांगेले जाते."

"मंग मीच मारतो हाक!" व्याही कडाडले. "चला रे, उठा सारे! आमच्या मानसायले इथं उभं ठेवून राहिले!"

वाढपी कढीच्या बादल्या घेऊन जागच्या जागी थांबले. दोन रांगांतली वऱ्हाडी मंडळी खरोखरच उठू लागली. वामनराव घामाघूम होऊन पुन्हा बत्तीसचा हिशेब सांगू लागले, व्याही त्यावर ओरडू लागले. मी मधे पडलो, तर दोघंही माझ्यावर उखडले.

एवढ्यात बायकांच्या रांगेतून विहीणबाई उठल्या. "चूप बसा वो जरा. सुनबाई काय म्हणून राहिली, कोनी ऐकलं काय?"

कोणीच ऐकलं नव्हतं. सुमी मांडवाच्या खांबाशी उभी होती. कधी आली, तेही कोणाला कळलं नव्हतं. मी तिच्यापासून चार हातांवर, विहीणबाई पार पलीकडे.

"ते म्हणून राहिली, बाबा, बसू द्या. सकाळपासून उपाशी हायेत सारे, तुमीबी."

वामनराव विहीणबाईंकडे बघतच राहिले. मग स्वतः वाकून त्यांनी पहिल्या रांगेची पहिली पत्रावळ सरळ केली. "बसा जी," ते व्याह्यांना म्हणाले, आणि वाढप्याच्या हातून बादली घेऊन कढी वाढू लागले.

संध्याकाळी पाठवणीच्या वेळी सुमी जीपमध्ये बसताना काहीतरी बोलली. विहीणबाईंनी मान तिच्याकडे झुकवली आणि हसून तिचा हात धरला. जीप निघाली.

"काय म्हने ते?" वामनरावांनी मला विचारलं. इंजिनाच्या आवाजात या खेपेला त्यांनाही कळलं नव्हतं.

"मला नाही ऐकू आलं."

"विहीनबाईले आलं न?"

"हो. त्यांना आलं."

"मंग झालं," ते म्हणाले.