चकचकीत शून्य

"आज त्या तपासनीस बाईंना काय हवं ते तपासू दे," आरशासमोर दाढी करता करता नाकोबा बायकोला म्हणाला. "माझ्या हाताखालची एकही वस्तू दगा देणार नाही. लिहून ठेव."

मंडळी, असं काही बोलायचं असेल तर निदान संध्याकाळी बोलावं. सकाळी बोलायची काय घाई असते कोण जाणे.

नाकोबा हे काही त्याचं खरं नाव नव्हे. रंग आणि थिनर बनवणाऱ्या कारखान्यात तो गॅस डिटेक्टर सांभाळायचा. कारखान्यात जागोजागी बसवलेले हे छोटे डबे दिवसरात्र हवा हुंगत असतात, आणि थिनरची वाफ कुठे जमायला लागली की भोंगा वाजवतात. कारखान्याची नाकं सांभाळतो तो नाकोबा, इतकं साधं. नाकांच्या जोडीला डोळेही होते. काचेच्या भिंगाआडून टक लावून बसायचं आणि ज्वाला दिसली की बोंब मारायची, एवढंच त्या डोळ्यांचं काम. तीही जबाबदारी नाकोबाचीच.

बायकोनं बढाई ऐकून घेतली आणि विचारलं, "ते असू दे. माझ्या भावाचं कसं चाललंय?"

वस्तरा नाकोबाच्या हनुवटीवर जागच्या जागी थांबला. मेव्हणा पस्तिशीचा, अंगानं धडधाकट, स्वभावानं गोड आणि नोकरीच्या बाबतीत पाऱ्यासारखा, कुठे टिकेल तर शपथ. शेवटी बायकोच्या भुणभुणीला कंटाळून नाकोबानं मोठ्या साहेबांकडे शब्द टाकला आणि त्याला साफसफाईच्या कामावर चिकटवून दिलं. बरं चाललंय, असं त्यानं बायकोला सांगितलं. तिनं मान डोलावली आणि जाता जाता एवढंच बजावलं की ही नोकरी गेली तर तो आपल्याकडेच राहायला येणार, आणि तो आला की पलंग त्याला द्यावा लागतो. गेल्या खेपेला नाकोबा चार महिने बाहेरच्या खोलीत जमिनीवर झोपला होता. त्याची पाठ अजून त्या दिवसांची आठवण काढते.

कारखान्यात पोचला तेव्हा सगळं कसं झकास होतं. थिनरचा टँकर आवारात येऊन उभा. तपासनीस बाई चहा घेत होत्या, आणि चहा झाल्यावर टँकर रिकामा होताना समोर उभं राहून बघणार होत्या. कंट्रोल रूममध्ये पॅनेलवाला खुशीत होता. सगळ्या नाकांचे आकडे शून्य. फक्त पंपाजवळच्या एका डोळ्याचा पिवळा दिवा लागला होता, म्हणजे भिंगावर काहीतरी चढलंय, पुसून घ्या. पॅनेलवाल्याच्या मते धूळ असेल.

नाकोबा फडकं घेऊन गेला आणि पंपाजवळ पोचताच थबकला. डोळा चमकत होता. शेजारची नाकंही चमकत होती, नवी भांडी मांडावीत तशी. आणि सगळीकडे गोडसर, गुलाबाचा वास. मेव्हणा बाजूलाच उभा होता, कौतुकाची वाट बघत.

"कसे दिसतायत, दाजी? काल सगळेच्या सगळे पुसले. तुमची मान ताठ राहिली पाहिजे आज."

कशानं पुसले म्हणून विचारलं, तर त्यानं फवारणीचा डबा काढून दाखवला. मोटारीचा आतला भाग चकाकावा म्हणून मारतात तो. नाकोबानं डब्यावरची बारीक अक्षरं वाचली. सिलिकॉन.

आता हे सिलिकॉन म्हणजे या नाकांना विष. त्याची वाफ आत शिरली की नाक मरतं. आणि मेलेलं नाक बोंबलत नाही, हीच तर खरी मेख. हवा स्वच्छ असली तरी आकडा शून्य, नाक मेलं तरी आकडा शून्य. वर कंट्रोल रूममध्ये पॅनेलवाला ज्या शून्यांकडे बघून खूश होता, ती सगळी मढ्याची शून्यं असू शकत होती. अशात टँकर रिकामा करायला घेतला आणि एखादा सांधा गळला, तर वाफ जमिनीसरशी पसरत जाईल, कुठेतरी ठिणगी पडेल, आणि तोपर्यंत भोंगा चकार शब्द काढणार नाही. तिथे पंपावर तीन माणसं काम करत होती.

खरं सांगायचं तर त्यानं त्याच क्षणी साहेबांकडे धावायला हवं होतं. पण त्याला पलंग दिसला. पलंगावर पसरलेला मेव्हणा दिसला. बायकोचा चेहरा दिसला. आणि हुशार माणसाला संकटात जे सुचतं तेच त्याला सुचलं, ते म्हणजे आधी झाकून ठेवू, मग बघू.

"लपव तो डबा," तो दबक्या आवाजात म्हणाला. मग स्वतःच्या खिशाला अडकवलेलं गॅस शोधायचं छोटं यंत्र काढून त्यानं मेव्हण्याच्या जाकिटाला लावलं. मी नवे सुटे भाग घेऊन येईपर्यंत पंपाभोवती फेऱ्या मार, हे वाजलं तर ओरड, असं त्याला तीनतीनदा समजावलं. थोडक्यात, मेलेल्या नाकांच्या जागी त्यानं एक जिवंत मेव्हणा बसवला.

तो भांडाराच्या दारापर्यंत पोचला नसेल, तोच मागून यंत्राची टीटी आणि त्याहून मोठ्यानं मेव्हण्याची बोंब ऐकू आली. "गॅस! गॅस!"

पंपावरची माणसं पळाली. टँकरचा ड्रायव्हर पळाला. पॅनेलवाल्याला आकडे शून्य दिसत होते, पण खिडकीतून पळणारी माणसं दिसल्यावर आकड्यांवर कोण विश्वास ठेवतो? त्यानं भोंगा दाबला. बघता बघता अख्खा कारखाना फाटकाजवळच्या जमायच्या जागी गोळा झाला. साहेब आले, तपासनीस बाई आल्या, मोजणी सुरू झाली. शेवटी धापा टाकत मेव्हणा आला आणि त्याच्याबरोबर यंत्रही आलं, टीटी करत.

गॅस इथवर आला, कोणीतरी म्हणालं. वारा फिरला असेल, साहेब म्हणाले, आणि सगळी वरात कँटीनमागे निघाली. एकट्यानं मागे राहायची हिंमत नसल्यामुळे मेव्हणाही पाठोपाठ. कँटीनमागे टीटी. तिथून सगळे सायकलींच्या छपराखाली. तिथेही टीटी. मेव्हणा जीव मुठीत धरून माणसांच्या मागे धावत होता आणि माणसं जीव मुठीत धरून पुढे. गळती खरीच झाली आणि कारखानाभर पसरली, यापलीकडे नाकोबाला काही सुचेना.

तपासनीस बाई मात्र गडबडल्या नव्हत्या. त्यांनी छपरावरचं वाऱ्याचं निशाण बघितलं, मेव्हण्याकडे बघितलं आणि शांतपणे म्हणाल्या, "हा गॅस या माणसाला सोडून कुठे जातच नाही."

तेव्हा कुठे नाकोबाच्या डोक्यात उजेड पडला. त्यानं मेव्हण्याच्या जाकिटाच्या खिशात हात घातला. यंत्राच्या बरोबर खाली, लपवलेला तो फवारणीचा डबा तोंड दाबलं जाऊन सूं सूं करत होता, आणि फवारा बाहेर ढकलायला अशा डब्यात भरतात तो गॅसही पेट घेणाराच असतो. नाकोबानं तो उचलला आणि धावत जाऊन फाटकाबाहेरच्या मोकळ्या मैदानात नेऊन ठेवला. टीटी थांबली.

हशा पिकला. साहेबांनी कपाळ पुसलं. बाईंना म्हणाले, गैरसमज झाला, पण माणसं किती झटपट बाहेर पडली बघा. वरचे आकडे पहिल्यापासून शून्यच होते. चला, टँकर लावून घ्या. ड्रायव्हर पाईप उचलायला निघाला.

मंडळी, नाकोबा सुटला होता. मेव्हण्याची नोकरी शाबूत, पलंग शाबूत, वर शाबासकीसुद्धा. त्यानं नुसतं तोंड बंद ठेवायचं होतं. पण पंपाकडे परतणाऱ्या त्या तीन माणसांच्या पाठी त्याला दिसत होत्या, आणि त्या बघवेनात.

"साहेब, पंप चालू करू नका," तो म्हणाला. "ते शून्य खोटं आहे. माझी सगळी नाकं मेलीत."

मग त्यानं सगळं सांगून टाकलं. लपव म्हणून आपणच सांगितलं, तेही सांगितलं. मेव्हणा त्याच्याकडे असा बघत होता, की जणू घरच्याच माणसानं त्याला विहिरीत ढकललंय. बाई म्हणाल्या, बघू या. टँकरजवळच्या खांबावर उंच बसवलेल्या नाकाला नाकोबानं शिडीवर चढून चाचणीचा गॅस लावला.

भोंगा असा वाजला की साहेबांच्या हातातली टोपी पडली.

पुढच्या खांबावर गेला. तिथेही भोंगा, खणखणीत. तिसऱ्या खांबावर तेच. साहेब आता नाकोबाकडे वेगळ्याच नजरेनं बघायला लागले. पॅनेलवाल्यानं त्याला पाणी दिलं आणि सावलीत बस म्हणाला. आपलंच डोकं फिरलं की काय, असं नाकोबालाही वाटू लागलं.

तेवढ्यात मेव्हणा पुटपुटला, "दाजी, हे मी कुठे पुसले? यांना शिडी लागते."

"सगळे पुसले म्हणालास ना?"

"सगळे म्हणजे हाताला येतील तेवढे. साहेबांच्या खिडकीतून दिसतात ते."

साहेबांच्या खिडकीतून पंप दिसायचा. सगळे तिकडे गेले. नाकोबानं पंपाच्या पायाशी बसवलेल्या नाकाला गॅस लावला. सगळे कान देऊन उभे राहिले. काही नाही. दुसऱ्याला लावला. काहीच नाही. शून्य, ठार शून्य. मघाशी हसणारे आता एकमेकांकडे बघत नव्हते, आणि ड्रायव्हरनं हातातला पाईप हळूच खाली ठेवला.

टँकर दोन दिवस तसाच उभा राहिला. नवी नाकं बसली. नाकोबा दोघांच्याही नोकरीची आशा सोडून साहेबांसमोर मान खाली घालून उभा होता, पण तपासनीस बाई म्हणाल्या की खरं बोलणाऱ्याला काढलंत तर पुढच्या वेळी कोणीच बोलणार नाही. आणि त्या दुसऱ्यालाही काढू नका. त्याच्या आळसानं अर्धा कारखाना वाचलाय. फक्त डिटेक्टरला त्याचा हात लागता कामा नये. ज्याला त्यातलं कळतं त्यानंच ते पुसावेत. दुसऱ्यानं खाली उभं राहून शिडी धरावी आणि एखादा राहिला तर सांगावं.

तेव्हापासून दर आठवड्याला नाकोबा फडकं घेऊन शिडीवर चढतो. खालून मेव्हणा एका हातानं शिडी धरतो आणि दुसऱ्या हातानं बोट दाखवत सांगतो, "दाजी, डावीकडे राहिलं बघा."

घरी बायको भलतीच खुशीत आहे. तिनं माहेरी फोन करून कळवलं, की आपल्याला बढती मिळाली असं भाऊ म्हणतोय, आता त्याच्या हाताखाली एक माणूस दिलाय म्हणे, वयानं थोडा जास्त आहे, पण सांगितलेलं ऐकतो.